दांडीचा 'ल', पाकळीचा 'ल'

उपयोजित कलेच्या कॉलेजात मुलाला घातलेल्या पालकांना पहिला धक्का फीच्या पावतीने बसतो आणि दुसरा गृहपाठाने. मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवा लावून बसलेला असतो, टेबलावर कागदांचा खच पडलेला असतो आणि प्रत्येक कागदावर एकच अक्षर असतं. समजा, 'ल'. जाड ल, बारीक ल, आडवा झोपलेला ल, अर्धा पुसलेला ल, कात्रीने कापून पुन्हा उलटा चिकटवलेला ल. हाच ल त्याने बालवाडीत दोन-चार दिवसांत गिरवून संपवला होता आणि त्याबद्दल बाईंनी वहीत चांदणीही दिली होती. आता लाखांत फी भरून तो पुन्हा तिथेच येऊन पोचलेला पाहिल्यावर घरातल्या कर्त्या माणसाच्या मनात इंजिनिअरिंगच्या व्यवस्थापन कोट्याचा विचार डोकावला, तर त्याला दोष देता येत नाही. तरीही माझं म्हणणं असं आहे की त्या वेळी त्या घरात सगळ्यात शहाणपणाचं काम तो मुलगाच करत असतो. अक्षरांची रूपं कशी ठरतात हे आख्खी लिपी एकदम समोर घेतल्यावर कधीच कळत नाही, कारण गर्दीत कुणाचाच चेहरा दिसत नाही. एकाच अक्षराला धरून बसलं की हळूहळू लक्षात येतं की अक्षराच्या रूपाचा निकाल बरोबर-चूक, सुंदर-कुरूप, शुद्ध-अशुद्ध असल्या भारदस्त न्यायालयांत फारसा लागतच नाही. जिथे वाचताना घोटाळा होतो तेवढं सोडलं, तर बाकी सगळा कारभार सोय आणि सवय या दोन कारकुनांच्या हाती असतो.

'ल' निवडायला कारण आहे. मराठी आणि हिंदी यांची लिपी एक, लिपीचं नाव एक, या अक्षराचा उच्चार एक, तरी ल मात्र दोन. हिंदीच्या 'ल'ला उजवीकडे उभी दांडी असते, 'ग'ला किंवा 'त'ला असते तशी सरळ शिरोरेषेपासून तळापर्यंत, आणि डावीकडच्या कमानी येऊन तिला टेकतात. मराठीच्या 'ल'ला ही दांडी नाही. शिरोरेषेखाली डावी-उजवीकडे दोन वळणदार पाकळ्या, खालून उघड्या, एवढाच त्याचा संसार. हे सगळं शब्दांत सांगावं लागतंय, कारण दोन्ही ल शेजारी-शेजारी टंकून दाखवणं शक्य नाही. संगणकाच्या लेखी ते एकच अक्षर आहे. किल्ली एक, क्रमांकही एक. त्यामुळे आत्ता या पानावर जो ल दिसतो आहे तो लेखकाने निवडलेला नाही, संपादकाने बहुधा पाहिलेला नाही, आणि वाचकाने तर या वाक्यापर्यंत त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसणार. आता पाहिलं असेल.

सरकारला मात्र हे दोन्ही ल नीट ठाऊक आहेत. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीची वर्णमाला ठरवून दिली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आणखी एका निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांचा वापर करण्याबद्दल सगळ्यांना बजावण्यात आलं. पाकळीयुक्त आणि देठयुक्त ही विशेषणं मंत्रालयाच्या कागदावर वाचून, फलोत्पादन खात्याचा निर्णय चुकून भाषा विभागाच्या शिक्क्याने निघाला की काय, असं एखाद्याला वाटलं तर नवल नाही. पण हसून झाल्यावर एक प्रश्न उरतोच. वर्णमाला ठरवून दिल्यावर तेरा वर्षांनी सरकारला पुन्हा पाकळीची आठवण करून द्यावी लागते, याचा अर्थ मधल्या काळात पाकळी गळत होती. ती कुणी तोडली? हिंदीवाल्यांनी कट केला, असं उत्तर चौकातल्या सभेत टाळ्या घेऊन जातं. टेबलावर बसलेल्या त्या मुलाचे कागद मात्र वेगळं काही सांगतात.

त्याचा पहिला प्रयोग बोरूचा असतो. बोरूचं टोक रोमन अक्षरांसाठी ज्या बाजूला तिरपं कापतात त्याच्या उलट बाजूला देवनागरीसाठी कापावं लागतं, कारण आपल्या अक्षरांत जाड रेघ कुठे पडावी आणि बारीक कुठे, याचा हिशेबच उलटा आहे. इंग्रजी कॅलिग्राफीची तयार निब घेऊन ल काढला तर तो ओळखू येतो, पण पाहुण्याच्या चपला घालून आल्यासारखा दिसतो. दुसरा प्रयोग मापांचा. अक्षराची उंची मोजायला ज्या आडव्या रेषा आखतात त्यांना शिरोरेषा, स्कंधरेषा, नाभिरेषा, जानुरेषा, पादरेषा अशी नावं आहेत. म्हणजे 'ल'ला डोकं आहे, खांदे आहेत, बेंबी आहे, गुडघे आहेत आणि पायही आहेत. नाहीये ती फक्त पाठ, म्हणून त्याच्यावर कुणीही रेटून बसतं. हे वेड आपल्यापुरतंच नाही. १५२९ साली पॅरिसमध्ये जॉफ्रॉय तोरी नावाच्या गृहस्थाने रोमन अक्षरांची प्रमाणं माणसाच्या देहाशी जुळवून दाखवणारं आख्खं पुस्तक छापलं होतं, आणि त्याच्या चार वर्षं आधी जर्मनीत आल्ब्रेख्ट ड्यूररने कंपास आणि पट्टी घेऊन तीच अक्षरं बांधून काढली होती. कंपास-पट्टीने 'ल'ची पाकळी काढायचा प्रयत्न ज्याने केला आहे त्याला ड्यूररबद्दल आदर वाटतो आणि भूमितीबद्दल राग येतो. वर्तुळाच्या दोन तुकड्यांतून काढलेली पाकळी गणिताने अचूक असते आणि डोळ्यांना सुजलेली दिसते.

तिसरा प्रयोग मात्र खरा बोलका आहे, आणि तो आहे वजाबाकीचा. अक्षराचा एकेक अवयव काढत जायचं आणि ते केव्हा मरतं ते पाहायचं. शिरोरेषा काढली तरी ल जिवंत राहतो. गुजरातीने ती केव्हाच काढून ठेवली आहे आणि तिथला व्यापार काही बंद पडलेला नाही. दांडीच्या 'ल'ची डावीकडची कमान पुसली की उरलेला ऐवज 'त'च्या वळणावर जातो. आणि पाकळीच्या 'ल'च्या पाकळ्या खालून मिटल्या की तो थेट 'ळ'च्या घरात शिरतो. इथे टेबलावरच्या मुलाने पेन्सिल खाली ठेवून जरा विचार करावा अशी जागा आहे. मराठीत ल आणि ळ हे दोन वेगळे वर्ण आहेत आणि त्यांच्यावर अर्थ टांगलेले आहेत. काल आणि काळ, वेल आणि वेळ, माल आणि माळ, नाल आणि नाळ. सौंदर्यप्रसाधनाच्या जाहिरातीत मऊ, टवटवीत गालाऐवजी मऊ, टवटवीत गाळ छापून आला तर खप कुठल्या दिशेने जाईल हे सांगायला नको. वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदावर शाई पसरते, ठळक टायपात पाकळीच्या आतली पांढरी जागा आधीच कमी असते, आणि मोबाइलच्या बारीक अक्षरांत ती चार-दोन ठिपक्यांवर येते. अशा वेळी ल आणि ळ जितके लांब तितकं बरं. मग न्यायाने पाहता 'ळ' असलेल्या मराठीने दांडीचा ल घ्यायला हवा होता, कारण दांडी असली की 'ळ'शी गल्लत होण्याची शक्यताच संपते, आणि 'ळ'चा संसर्ग नसलेल्या हिंदीने हवी तर पाकळी मिरवायला हरकत नव्हती. झालं आहे नेमकं उलट. देवाची करणी आणि नारळात पाणी म्हणतात ते हेच. गुणवत्तेवर अक्षरं ठरत असती तर हा अदलाबदलीचा प्रकार शंभर वर्षांपूर्वीच मिटला असता.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा. तो म्हणतो, वाचता येतं ना? मग दोन पाकळ्या असोत नाहीतर चार दांड्या, तुम्हाला करायचंय काय? या माणसाचं म्हणणं खरं आहे आणि तेच माझ्या उपयोगाचं आहे. महाराष्ट्रातला शाळकरी मुलगा मराठीच्या पुस्तकातला ल आणि हिंदीच्या पुस्तकातला ल असे दोन्ही वाचतो. हिंदी कितवीपासून शिकवावी यावर मोठी माणसं एकमेकांच्या उरावर बसतात, पण मुलगा ज्या दिवशी हिंदीचं पुस्तक उघडतो त्या दिवशी हा कुठला नवा ल असं विचारत नाही. दोन ल मधला फरक वाचनाच्या आड येत नाही, एवढी गोष्ट त्याने सिद्ध केलेली असते. ज्या अक्षरात वाचनाचा खरा घोटाळा होता तिथे लोक मुकाट्याने सुधारले. 'ख' हे अक्षर पूर्वी र आणि व शेजारी ठेवल्यासारखं छापलं जायचं आणि खाना वाचावं की रवाना, हे पुढचं वाक्य वाचल्यावर ठरायचं. म्हणून मानक हिंदीत त्याचे दोन्ही भाग तळाशी जोडून टाकले गेले. तिथे कुणी 'ख'च्या अस्मितेचा मोर्चा काढला नाही. वाचकाला ठेच लागली की रूप बदलतं. ठेच लागली नाही की रूप कोण ठरवतं, हा 'ल'चा प्रश्न आहे, आणि व्यवहारी माणसाने नकळत तोच माझ्या पदरात टाकला आहे.

दुसरा आक्षेप अभिमानी माणसाचा, आणि त्याचा आवाज जरा मोठा असतो. पाकळी ही आपली आहे, दांडी ही लादलेली आहे, आज ल गेला, उद्या ळ जाईल, परवा मुंबई जाईल. या माणसाला इतिहासाच्या दप्तरातली एक जुनी नोंद दाखवावी लागते. हिंदी पट्ट्यात जुन्या छापील पुस्तकांत अ, झ आणि ण यांची रूपं आजच्यापेक्षा वेगळी होती. जुना ण तर 'र'च्या पुढे दोन दांड्या मारल्यासारखा असायचा, 'रा' वाचायच्या बेतात माणूस असताना तो ण निघायचा. आज हिंदीत जे अ, झ, ण सर्रास छापले जातात ती मुंबईच्या छापखान्यांची वळणं आहेत. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांचं देखणेपण आणि त्यावर छापलेली संस्कृत पुस्तकं देशभर पोचली, आणि मुंबई वळणाच्या अक्षरांची ओळख त्यांच्याबरोबर पोचली. पुढे मानक देवनागरी ठरवताना हिंदीने आपले जुने अ, झ, ण बाजूला ठेवून हे तीन पत्करले. म्हणजे अक्षरांच्या देवाणघेवाणीत मराठीच्या बाजूला तीन जमा आहेत आणि 'ल'-'श' मिळून दोनच नावे पडलेत, तेही अजून पुरते पडलेले नाहीत. काशीचा पंडित आपला पिढीजात अ गेला म्हणून उपोषणाला बसल्याचं कुणी सांगत नाही. माझा तर्क असा की ण आणि झ मध्ये घोटाळ्याची ठेच होती म्हणून मुंबईची वळणं आत शिरली, आणि 'ल'मध्ये ती नव्हती म्हणून प्रत्येकाने आपापला ल घरी ठेवला. यात आक्रमण वगैरे काही नाही; शेजाऱ्याकडून हवं तेवढंच घेण्याची जुनी रीत आहे.

बरं, मग सोय आणि सवय यांना बाजूला सारून, तर्काने, एका अक्षरावर ठरवून प्रयोग केला तर काय होतं? तोही करून झाला आहे आणि तो 'अ'वर झाला. आपण आ, ओ, औ लिहिताना 'अ'लाच काना-मात्रा लावतो. मग इ, उ, ए यांची वेगळी अक्षरं पाळायची कशाला, असा हिशेबी सवाल सावरकरांनी केला आणि अि, अी, अु, अू, अे, अै अशी 'अ'ची बाराखडी पुढे आणली. छापखान्यात त्या काळी एकेक अक्षर म्हणजे शिशाचा एकेक खिळा होता आणि देवनागरीचे खिळे शेकड्यांनी मोजावे लागत. टिळकांनीही खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी डोकं आणि पैसा दोन्ही घातले होते. अशा वेळी एक 'अ' ठेवून बाकीचे स्वर सुट्टीवर पाठवण्याची ही योजना बिनतोड होती. तिची पुस्तकं निघाली, गांधीजींच्या नवजीवनच्या पुस्तकांतही ही पद्धत दिसते. म्हणजे एरवी एकाच सतरंजीवर न बसणारी दोन माणसं या एका 'अ'वर बसली. तरी वाचकाने ती बाराखडी घेतली नाही. १९५३ साली लखनौला भरलेल्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी डावीकडून उचलून उजवीकडे नेण्याची शिफारस केली, तीही काही वर्षांत परत फिरली. तर्क बरोबर होता, डोळ्यांना सवय नव्हती, विषय संपला. 'अ'च्या डोक्यावर चढून नंतर रुळलेलं एक नवं रूप आज मराठीत सुखाने नांदतं आहे, ते म्हणजे ॲ. आणि ते नांदतं आहे ॲडमिशन, ॲसिडिटी आणि ॲपसाठी. भाषाशुद्धीसाठी आयुष्यभर नवे शब्द घडवणाऱ्या सावरकरांच्या 'अ'ला शेवटी इंग्रजी शब्दांची पालखी वाहण्याचं काम मिळावं, यात नियतीची विनोदबुद्धी दिसते आणि ती माझ्यापेक्षा चांगली आहे.

आता पाकळी कुणी तोडली, या प्रश्नाकडे. देवनागरीतली बहुतेक व्यंजनं दांडीवाली आहेत, आणि दांडीवाल्यांचा एक गुण यंत्राला फार आवडतो: दांडी काढली की अर्धं अक्षर तयार. ट, ठ, ड, द, ह, ळ या मंडळींना दांडीचा आधार नाही, म्हणून त्यांचा पाय मोडावा लागतो किंवा त्यांना एकमेकांच्या खांद्यावर चढवावं लागतं. दांडीचा ल पहिल्या, आज्ञाधारक वर्गात बसतो; पाकळीचा ल दुसऱ्या, मागच्या बाकावरच्या वर्गात. यंत्र कुठल्याही काळातलं असो, त्याचा जीव पहिल्या वर्गावर. त्यात संगणक आला. युनिकोडने 'ल'ला यू+०९३२ हा एक क्रमांक दिला, आणि ते धोरण म्हणून योग्यही होतं, कारण युनिकोड अक्षराची नोंद करतं, त्याचं वळण ठरवण्याचं काम फाँटवर सोडतं. म्हणजे दोन्ही ल कागदोपत्री एक झाले आणि कुठला दिसायचा हे फाँट बनवणाऱ्याच्या हाती गेलं. मग विंडोजबरोबर घरोघरी, कचेरीकचेरीत मंगल हा फाँट आला आणि त्यात आपसूक उमटणारा ल दांडीचा होता. तो रेखाटला होता र. कृ. जोशी यांनी, म्हणजे ज्यांनी आयुष्यभर मराठी अक्षरांवर जीव टाकला, आयआयटी मुंबईत पिढ्या घडवल्या, अशा अव्वल मराठी अक्षरकाराने. हिंदी कटाची गोष्ट सांगणाऱ्यांनी इथे जरा पाणी प्यावं. फाँट देशभरच्या देवनागरीसाठी होता, देशात हिंदी वाचणारे जास्त, म्हणून आपसूक ल तोच. यात कुणाची दुष्ट बुद्धी नाही. आपसूक या एका शब्दात सगळं साम्राज्य मावतं, कारण जे आपसूक येतं ते बदलायला सेटिंगमध्ये जावं लागतं, आणि सेटिंगमध्ये जाणं हे मराठी माणसाने अजून साहित्य संमेलनाच्या ठरावांवर सोडलेलं काम आहे.

तंत्रज्ञांनी तोडगाही काढून ठेवला आहे. आताचे चांगले देवनागरी फाँट दोन्ही ल पोटात बाळगतात. मजकूर मराठी आहे असं संगणकाला कळलं की तो दांडी मागे घेऊन पाकळी पुढे करतो, आणि कळलं नाही की दांडीच. कळायला मात्र कुणीतरी सांगावं लागतं: मजकूर निवडा, भाषेच्या यादीत जा, मराठी शोधा, ठीक आहे म्हणा. थोडक्यात, मराठी मजकूर मराठी कचेरीत मराठी माणसाने टंकला तरी तो मराठी असल्याचं यंत्राला वेगळं निवेदन द्यावं लागतं, आणि ते कुणी देत नाही. पाकळी गळाली ती इथे, या न भरलेल्या रकान्यात. शासन निर्णयाने कितीही बजावलं तरी निर्णय माणसाला उद्देशून असतो आणि ल निवडतं यंत्र. त्यापेक्षा सरकारी संगणकांची मूळ भाषा मराठी करून देणारा एखादा कंत्राटी मुलगा एका दुपारी जास्त पाकळ्या फुलवून जाईल, आणि त्याला विशेषणं माहीत नसली तरी चालतील.

तिसरा आक्षेप कलावंताचा, आणि तो मला सगळ्यात आवडतो. कलावंत म्हणतो, कुठला ल आणि कुठलं काय, अक्षर ही खेळायची गोष्ट आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत नावं अशी रेखाटली की नाटक पाहण्याआधी त्याचा स्वभाव कळावा. अच्युत पालव यांनी मोडी आणि देवनागरी एकत्र मळून मुक्तलिपी उभी केली. तिथे पाकळी की दांडी हा प्रश्न विचारणाऱ्याला हाकलून द्यावंसं वाटेल. मान्य. पण यातून जे दिसतं ते माझ्याच बाजूचं आहे. वाचक मोठ्या अक्षराला सगळं माफ करतो. लग्नपत्रिकेवरच्या 'शुभविवाह'मधला उकार लताफुलांत गुंडाळला तरी तो वाचतो, गल्लीतल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या 'लाडके'मधल्या 'ल'ला तलवार लावली तरी वाचतो, एवढंच नव्हे तर भाऊ कोण आहेत हेही ओळखतो. पण तोच वाचक कादंबरीच्या बारीक टायपात एक वळण जरा हललं की अस्वस्थ होतो आणि छपाई बरी नाही म्हणतो. का बरी नाही ते त्याला सांगता येत नाही. शीर्षकातला ल पाहायचा असतो, मजकुरातला ल दिसता कामा नये. या दोन अपेक्षांमध्ये काय-काय येतं ते समजून घ्यायला तो मुलगा रात्रभर एकाच अक्षराशी झटतो आहे.

आणि झटणारा तो पहिला नाही. स्टॅनफर्डचे डोनाल्ड नूथ, संगणकशास्त्रातलं भलं मोठं नाव, स्वतःच्या पुस्तकांची छपाई मनासारखी होईना म्हणून अक्षरं गणिताने काढायला बसले. बाकीची अक्षरं कशीबशी वठली, इंग्रजी एस् मात्र वठेना. शेवटी १९८० साली त्यांनी 'द लेटर एस' या नावाचा एक आख्खा शोधनिबंध या एका अक्षरावर लिहिला. त्या काळात बिघडलेले एस् त्यांनी पत्नीला दाखवले, तेव्हा तिने, तू तो एस्-च्या आकाराचा का काढत नाहीस, अशा अर्थाचा प्रश्न विचारला, असं ते स्वतःच सांगतात. या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही विद्यापीठात अजून समाधानकारक उत्तर नाही. जगभर नावाजलेल्या प्राध्यापकाच्या घरात जे बोललं गेलं तेच डोंबिवलीच्या वन-रूम-किचनमध्ये बोललं गेलं, तर त्या मुलाने मनाला लावून घेऊ नये.

शेवटचा आक्षेप उरतो. समजा यंत्राला मराठी ओळखता यायला लागली, निवेदनाची भानगड संपली, मराठी मजकुरात पाकळी आणि हिंदीत दांडी आपसूक यायला लागली, मग तरी तंटा मिटला का? बराचसा मिटेल. फक्त माणसांची नावं मध्ये येतील. नागपूरच्या अग्रवालांचं नाव मराठी पेपरात छापलं की त्यांना पाकळी येईल आणि बऱ्हाणपूरच्या पाटलांचं नाव हिंदी पेपरात गेलं की त्यांच्या आडनावाच्या शेवटी दांडी उभी राहील. दोघांचीही हरकत असण्याचं कारण नाही. आपल्या नावातल्या 'ल'कडे पाटलांनी एरवी तरी कधी पाहिलं आहे? शिवाय जोडाक्षरात तर भांडायला जागाच राहत नाही. 'ल' अर्धा केला की दांडीवाल्याची दांडी जाते, पाकळीवाल्याची एक पाकळी जाते आणि बहुतेक फाँटांत दोघांच्या हाती उरतो तो तुकडा सारखाच असतो. 'दिल्ली' हा शब्द छापून पाहा. त्यातला अर्धा ल सामाईक आहे आणि पूर्ण ल ज्याचा त्याचा. दिल्लीतून कुणाला किती मिळावं याची इतकी बिनतक्रार वाटणी वित्त आयोगालाही जमलेली नाही.